रंगराव मामांची उसण

“पाव्हणं, तुमचं दार दक्षिणेला हाय,” उंबऱ्यातच उभं राहून रंगराव मामा म्हणाले.

त्यांच्या तळहातावर पितळेचं होकायंत्र होतं. मुलगी बघायला येणाऱ्या माणसांच्या हातात नारळ असतो, फार तर केळ्यांची पिशवी असते. हे होकायंत्र घेऊन आले होते. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून फटीतून बघत होते आणि पदर तोंडात कोंबून हसू दाबत होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “भाड्याचं घर आहे मामा. मालकानं दार जिकडं ठेवलं तिकडनं आम्ही आत येतो.”

मामांना हे काही पटलं नाही, पण ते आत आले. त्यांच्यामागून मुलाची आई आली, तिच्यामागून मुलगा. मुलाचं नाव जयवंत. वीज मंडळात वायरमन होता, आटपाडीच्या बाजूचा. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे त्या घरात मामा म्हणतील तेच व्हायचं. मामा जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झाले होते. नोकरी सुटली तरी होकायंत्र सुटलं नव्हतं.

विट्यात आमचं सायकलचं दुकान होतं. मी बारावी होऊन शिवणाच्या क्लासला जात होते. आणि मी पायाळू होते. जन्मताना डोकं आधी यायचं, तर माझे पाय आधी आले. आता पोटात बाळ आडवं आहे का उभं, तोंड कुठं, पाय कुठं, हे सगळं डॉक्टर मशीन लावून आधीच सांगतात. तेव्हा आल्यावर कळायचं.

पायाळू माणसाची लाथ पाठीवर बसली की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडं सगळे मानतात. खरं-खोटं मला विचारू नका, मी आजवर कुणाकडनं पैसे घेतलेले नाहीत. पण सकाळी दात घासतानाच दारात कुणीतरी वाकडं होऊन उभं असायचं. सुतार, वाणी, कधी तलाठी. माझ्या शाळेच्या हेडमास्तरांना भर अंगणात पालथं पाडून लाथ घातलेली मी एकटीच विद्यार्थिनी असेन. मला हे काम मनापासून आवडायचं. माणूस वाकडा यायचा, सरळ होऊन जायचा, वर “मालन पोरी, सुखी राहा” म्हणायचा.

आईला मात्र ते अजिबात खपायचं नाही. दारात कुणी आलं की ती उठून आत जायची. ‘पायाळू’ शब्द निघाला की तिचा चेहराच उतरायचा. मला वाटायचं, तिला माझी लाज वाटते. उलटी आलेली पोरगी, दुसरं काय.

आणि लाज वाटायला कारणही झालं होतं. पायाळू माणूस आभाळातली वीज अंगावर ओढतं म्हणतात. तासगावच्या एका स्थळानं सगळं पसंत करून, साडीचा रंगसुद्धा ठरवून, मग निरोप पाठवला होता की विजेचं माणूस आम्हाला घरात नको. त्या दिवशी आई मोरीत गेली. नुसती भांडी घासत बसली, घासलेली पुन्हा घासली. म्हणून या वेळी तिनं सगळ्यांना दम भरला होता. मला, अण्णांना, शेजारच्या सरूकाकूंनाही. “लग्न लागेपर्यंत ह्या घरात कुणी पायाळू नाही. समजलं?”

सरूकाकू म्हणाल्या, “मी कशाला बोलू बाई? माझं तोंड म्हणजे कुलूप.” त्या कुलपाची किल्ली सगळ्या गल्लीकडं होती.

मी पोहे घेऊन बाहेर गेले. मामांनी मला पाटावर बसवलं, मग उठवलं, मग पाट फिरवला. “पोरीचं तोंड पूर्वेला पायजे,” ते म्हणाले. होकायंत्राची सुई थांबेपर्यंत मी ताट घेऊन तशीच उभी. सुई काही लवकर थांबेना. अण्णा म्हणाले, “घरात सायकलींचं लोखंड आहे, त्यामुळं असेल.” मामांनी त्यांच्याकडं असं बघितलं की अण्णा पोह्यांवरची कोथिंबीर मोजायला लागले.

मग प्रश्न. स्वयंपाक येतो का, चष्मा आहे का, शिवणात काय काय येतं, विहिरीच्या पायऱ्या एका दमात चढशील का. असले काहीतरी. मी मान खाली घालून उत्तरं देत होते.

“जयवंता, तुला काय इचारायचं आसंल तर इचार,” मामा म्हणाले.

जयवंत जरा घुटमळला. मग म्हणाला, “त्यांनाच काही विचारायचं असलं तर विचारू द्या की.”

आजवर दोन स्थळं येऊन गेली होती, पण तुला काही विचारायचं आहे का, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी मान वर केली. काळासावळा, उंच, आणि कान जरा मोठे. मी विचारलं, “खांबावर चढताना भीती वाटत नाही?”

“चढताना न्हाय वाटत,” तो म्हणाला. “रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटती. आपण कुठं चढलो हुतो ते तेव्हा डोळ्यापुढं येतं.”

हा माणूस मला आवडला. उगाच कशाला लपवू? शूर असल्याचा आव न आणणारा पुरुष मी पहिल्यांदा बघत होते. मनात म्हटलं, देवा, हे जमू दे. आणि मामांचं होकायंत्र नीट चालू दे.

तेवढ्यात मामांचं लक्ष गेलं की जयवंतचं तोंड दक्षिणेला आहे.

तो बसला होता ती लाकडी पेटी होती, वर सतरंजी टाकलेली. “ह्ये चालायचं न्हाय,” मामा म्हणाले. “पोराचं तोंड उत्तरेला करायला पायजे. ऊठ.” जयवंत उठला. मामांनी धोतर खोचलं आणि पेटीची कडी धरली.

“मामा, थांबा,” अण्णा म्हणाले. “त्यात फ्रीव्हील, पेडल आणि…”

अण्णांचं वाक्य पुरं होण्याआधी मामांनी हिसका दिला. त्या पेटीत दुकानातला सगळा जास्तीचा माल होता. चार माणसं लागायची ती हलवायला. पेटी जागची हलली नाही. मामांच्या कमरेतून मात्र कट्ट असा आवाज आला, तो मला पाटावर बसल्या जागी ऐकू आला.

मामा तसेच वाकलेले राहिले. वर होता येईना, खाली बसता येईना. तोंड पडलं पांढरंफटक.

“उसण भरली,” ते म्हणाले. “आई आई आई.”

मग जी धांदल उडाली ती काय सांगू. अण्णांनी आणि जयवंतनी त्यांना कसंबसं घोंगडीवर आडवं केलं. आईनं वीट तापवायला ठेवली. मी बाम आणला. मामा कळवळत म्हणाले, “जयवंता, आरं तू हाईस न्हवं हितं…”

“दादा,” त्याची आई एकदम म्हणाली, “गप पडा जरा. बोलू नगासा.” जयवंत उठायला लागला होता. तिनं त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. मला वाटलं, लोकांच्या घरी तमाशा नको म्हणून करते बिचारी.

वीट झाली, बाम झाला, ओवा-मिठाची पुरचुंडी झाली. मामांना कुशीवर वळतासुद्धा येईना. आता मघाचे मामा कुठंच नव्हते. घोंगडीवर एक म्हातारा माणूस पडला होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

एवढ्यात खिडकीत सरूकाकू. “काय झालं गं? अगो बाई, उसण? मग मालन आहे की घ…”

“मालन चहा टाकतीय,” आई ओरडली. “तुम्ही जा काकू, तुमचं दूध उतू जातंय.”

“माझं दूध कधीच…”

“जातंय,” आई म्हणाली, आणि तिनं खिडकी लावून घेतली.

मी चहा टाकायला आत गेले. आई माझ्या मागून आली आणि माझा दंड धरला. “एक अक्षर बोलू नको,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुला आवडलाय तो. मला दिसत नाही का? मामाला रिक्षात घालून डॉक्टरकडं नेतील. होईल बरा.”

“आई, तो माणूस रडतोय.”

“रडू दे. उसणीनं कुणी मरत नाही.”

 मी आधण बघत उभी राहिले. बाहेरून मामांचं कण्हणं ऐकू येत होतं. मला आठवतंय, मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. गप्प बसले तर कदाचित त्या मोठ्या कानांच्या माणसाशी माझं लग्न होईल. मग जन्मभर घरात कुणाला उसण भरली की मी अशीच आधण बघत उभी राहीन. मला ते झेपलं नसतं. मला माझ्या पायांचा अभिमान होता हो, आईला नसला तरी.

मी दंड सोडवून घेतला आणि बाहेर गेले.

“मामा,” मी म्हटलं, “मी पायाळू आहे. पालथे व्हा.”

आत चुलीवरचा चहा उकळत होता. अण्णांनी डोळे मिटून घेतले. दारात आई होती, ती चौकट धरून हळूच आत वळली. आणि जयवंत माझ्याकडं बघत होता तो बघतच राहिला.

मामा म्हणाले, “खरं म्हनतीस?”

“खोटं कशाला सांगू? त्यात माझा काही फायदा आहे का?”

“मग बघतीस काय? मार लाथ.”

त्यांना पालथं केलं. मी पदर खोचला. ज्या माणसाच्या एका शब्दावर माझं लग्न अडलं होतं त्याच्या पाठीवर मी पाय ठेवला, आणि हेडमास्तरांना घातल्या होत्या तशा तीन लाथा घातल्या. बेताच्या. मग वाकून त्यांच्या पायाला हात लावून नमस्कार केला, कारण मोठ्या माणसाला पाय लागला होता.

मामा पडून राहिले. मग एक हात हलवला. मग गुडघा. “डावीकडचं सुटलं,” ते म्हणाले. “उजवीकडचं हाय आजून.”

मला कळेना आता काय करावं. तेवढ्यात जयवंतच्या आईनं कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागली. हसता हसता तिला खोकला आला.

“जयवंता,” ती म्हणाली, “ऊठ बाबा. ह्या पोरीनं आपली लाज काढली. उजवी बाजू तुजी.”

जयवंत उठला. चप्पल नव्हतीच पायात. त्यानं पँटची घडी वर केली, मामांच्या पाठीच्या उजव्या अंगाला पाय लावला आणि अगदी सराइतासारख्या तीन लाथा दिल्या.

“तुम्हीपण?” मी म्हटलं.

“मीपण,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

त्याची आई अण्णांना म्हणाली, “काय करायचं भाऊ? पोरगं पायाळू, वीज वढणारं, आन नोकरी कुठली तर विजेच्या खांबावर. कोण देनार पोरगी? म्हनून झाकलं. दादाला म्हनलं, तुमची पाठ मोडली तरी तोंड उघडायचं न्हाय. तर ह्यानं पाठच मोडून घेतली.”

मामा पालथ्या पालथ्याच म्हणाले, “मला वाटलं मरतो मी तुमच्या पोराच्या लग्नापायी.”

अण्णा इतके हसले की त्यांना पेटीवर बसावं लागलं. पुढं आमच्या लग्नात अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, सगळं झालं. पण आम्हा दोघांच्या मध्ये पहिल्यांदा आली ती मामांची पाठ.

“तुमची आई कुठं गेली?” जयवंतच्या आईनं मला विचारलं.

मी स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. मी चहाचे कप घ्यायला तिच्यामागून निघाले, पण दाराशीच थांबले.

आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. “चुकलं ताई,” ती म्हणाली. “लपवायला नको होतं. पोरीचा दोष नाही त्यात. मीच सांगितलं होतं तिला.”

जयवंतची आई तिच्याशेजारी फरशीवर बसली, जरा अवघडत. दोष-बिष काही बोलली नाही. म्हणाली, “किती येळ आडकलं हुतं?”

“काय?”

“डोकं. पाय येत्यात, आंग येतं, आन मग डोकं आडतं न्हवं? माज्या जयवंताचं लई येळ आडलं हुतं. तुमचं?”

आई तिच्याकडं बघत राहिली. जन्मात पहिल्यांदाच तिला कुणीतरी तिच्या भाषेत काही विचारलं आहे, असा तिचा चेहरा झाला होता.

“खूप वेळ,” ती म्हणाली. “खूप वेळ ताई. सुईण म्हणाली, कळ आल्याशिवाय जोर करू नको. आणि कळच येईना. पोरगी निम्मी बाहेर, निम्मी आत. मला पाय हललेले कळत होते. मग पाय हलायचे थांबले. मी उठून बघायला लागले तर बायकांनी मला दाबून धरलं.”

“मला बी धरलं हुतं,” जयवंतची आई म्हणाली. “हितं, दंडाला. वळ उठलं हुतं.”

“मी तेव्हाच तिला मनातून सोडली होती. देवाला म्हटलं, ने. आईनं असं म्हणावं का? पण मी म्हटलं. आणि नंतर सगळं गाव आलं पाय बघायला. पायाळू आली, पायाळू आली. कुणी वाळे आणले. बारशाच्या आधीच सासूबाईंनी माझ्या माहेरी येऊन तिचं पाऊल पाठीला लावून घेतलं. मी पलीकडं पडलेले. माझ्याकडं कुणी बघितलंच नाही.”

“कोन बघतंय? गुन पोराच्या पायाचा म्हनत्यात. आपलं नावबी न्हाय त्यात.”

“अजूनही कुणी उसण घेऊन दारात आलं की मला ते पाय थांबलेले आठवतात. म्हणून उठून आत येते मी. पोरीला वाटतं, मला तिची लाज वाटते. तिला कसं सांगू?”

मी दाराला धरून उभी होते. इतकी वर्षं मी समजत होते की पायाळू मी एकटी आहे. घरात आणखी एक बाई त्या दिवसात अडकून राहिली होती, आणि मी रोज सकाळी अंगणात लाथा मारून पुन्हा पुन्हा तिला तिथं नेऊन सोडत होते.  आत जाऊन तिच्या कुशीत शिरावं असं फार वाटलं, पण मी गेले नाही. आत्ता तिला माझी गरज नव्हती. तिला त्या दुसऱ्या बाईची गरज होती.

बाहेरून मामा ओरडले, “आक्का, गाडीची येळ झाली. काय सांगायचं ह्यास्नी? होय का न्हाय?”

“थांबा हो दादा,” ती आतूनच म्हणाली. “आमचं बोलनं चाललंय न्हवं?”

अण्णा चहाला उशीर का म्हणून बघायला आले. मला दाराशी बघून थबकले. “काय चाललंय गं आत?” त्यांनी हळूच विचारलं.

“आई सांगतीय, मी कशी जन्मले ते.”

अण्णा आत डोकावले. मग म्हणाले, “मला कधी बोलली नाही ती. मी बारशाला तिच्या माहेरी गेलो होतो बघायला. तेव्हा ती हसत होती.”

“तुम्ही विचारलं होतं?”

 धोतर सावरून ते तिथंच, उंबऱ्याशेजारी जमिनीवर बसले आणि कान देऊन ऐकायला लागले. मीही त्यांच्याशेजारी बसले.

“सगळ्यात शेवटी तोंड आलं,” आत आई सांगत होती. “निळं पडलं होतं ताई. सुईणीनं उलटं धरलं, पाठीत चापट्या मारल्या, फुंकर घातली. रडायचं नाव नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, माझ्याकडं द्या. असेल तशी द्या. कुणी द्यायला तयार होईना. मग सुईणीलाच काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं आणून माझ्या छातीवर ठेवली.”

“आन मग?” जयवंतच्या आईनं विचारलं.

“मग काय,” आई म्हणाली, आणि तिचा आवाज हसल्यासारखा झाला. “हिनं डोळे उघडले. रडायचं सोडून नुसती माझ्याकडं बघत बसली.”